बेसातलं पिल्लू, लोखंडी कूलर आणि रिकामी बाथरूम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नुकतेच नागपुरात, बेसाला राहायला आलात. इमारतीच्या पार्किंगमध्ये कुत्रीने चार पिल्लं घातली, त्यातलं दीड महिन्याचं एक तुम्ही घरी आणलंत. इथल्या उन्हाळ्यात त्याला कसं सांभाळायचं, आणि उरलेल्या तिघांसाठी व एकूणच रेस्क्यूच्या कामासाठी पैसे कुठे द्यायचे?

पैशांचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, खाली जाऊन त्या तिघांना कुरवाळता आणि वर येऊन त्याच हातांनी घरातल्याला उचलता ना? मीही तेच करायचे.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे बिट्टू होता. गावठीच, दोन महिन्यांचा, पहिली लस झालेली. दुसरीची तारीख डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिली होती, पण पाऊस होता, ऑफिसात क्लोजिंग होतं, म्हणून मी ती आठवडाभर पुढे ढकलली. त्याच आठवड्यात प्रतापनगरच्या ऑटो स्टँडजवळ एक भिजलेलं पिल्लू दिसलं. उचललं, घरी आणलं, बिट्टूच्याच गॅलरीत ठेवलं, बिट्टूच्याच भांड्यात दूध-पोळी दिली. फार पुण्याचं काम केल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ते ओकायला लागलं, मग रक्ताचे जुलाब. त्या वासाला एकदा सामोरं गेलेला माणूस पुन्हा चुकत नाही. ते पाचव्या दिवशी गेलं. बिट्टू दहाव्या दिवशी आजारी पडला, चार दिवस सलाईनवर होता आणि तोही गेला. पार्व्हो, पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्गजन्य आजार. डॉक्टरांचा काही दोष नव्हता, तारीख मी चुकवली होती.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत, स्वतःचं जनावर आणि रस्त्यावरची जनावरं, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. रेस्क्यूचं काम करणाऱ्याच्या घरी आजार त्याच्या स्वतःच्या चपलांवरून येतो.

एका लसीवर निर्धास्त का राहायचं नाही, हे तेव्हा मला कोणी समजावलं नव्हतं. आईच्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, तीच लसीला काम करू देत नाही. ती कोणाची सहाव्या आठवड्यात ओसरते, कोणाची बाराव्या, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यायचे असतात. दवाखान्यात सेव्हन-इन-वन की नाइन-इन-वन यावर चर्चा होईल, तिच्यात फार अडकू नका. तारखा सांभाळा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. जंतांचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, वजन करून.

पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, आणि आपलं लाडकं फिनाईल त्याचं काही वाकडं करत नाही. त्याला ब्लीच लागतं. एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं, मग पुसायचं. घरात मांजर असेल तर फिनाईल तसंही बाद करा, मांजरांना ते विष आहे.

तेव्हा डोस पूर्ण होईपर्यंत तुमचं पिल्लू पार्किंगमध्ये उतरवू नका. त्याला जग दाखवायचं असेल तर कडेवर घेऊन दाखवा. आणि खालच्या तिघांना सध्या उचलू नका. दीड महिना म्हणजे आईपासून तोडायचं वय नाही, आठ आठवडे तरी ती आईजवळ असावीत. आईला पोटभर खायला द्या, म्हणजे तिचं दूध टिकेल. आई जवळ असलेली धडधाकट पिल्लं 'रेस्क्यू' करून आणणारे लोक मला दर हंगामात भेटतात. मन चांगलं असतं हो त्यांचं, पण पुढचं सगळं दुसऱ्याच्या अंगावर पडतं.

आता उन्हाळा. पुण्याच्या उन्हाळ्यावरून अंदाज बांधू नका. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रस्ते रिकामे होतात. कुत्र्याला घाम फक्त पंजांना, तोही नावापुरता. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. फिरवायचं तर सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल, तर त्याने तरी पाय कसा ठेवायचा? पग किंवा शिह त्झू पाळणारे कोणी ओळखीचे असतील तर त्यांना माझ्याकडून सांगा, या शहरात त्या जातींना एसीशिवाय मे काढायला लावू नये. सपाट नाकातून धाप नीट लागत नाही.

ऊन लागल्याची खूण अशी: धाप थांबतच नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोकांड्या जातात. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की दवाखान्याची वाट धरायच्या आधी अंग गार करायला घ्यायचं. मान, काख, जांघा भिजवायच्या आणि पंखा लावायचा. पण एक नागपुरी अडचण लक्षात ठेवा, दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते ओतू नका. कूलरच्या टाकीतलं किंवा माठातलं पाणी वापरा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. थोडं सावरलं की लगेच डॉक्टर, कारण मूत्रपिंडांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

लोकांना वाटतं नवतपा संपला की सुटलो. मला जूनची भीती जास्त वाटते. पहिल्या सरींनंतर हवा दमट होते, कूलर नुसता ओलावा फेकतो, आणि दमट हवेत धापा टाकूनही कुत्र्याचं अंग गार होत नाही.

आणि तो कूलर. तुम्ही अजून घेतला नसेल तर आता घ्यालच, त्याशिवाय इथे गत नाही. लोखंडी पत्र्याचा घेतलात तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. आमच्या ओळीतल्या एका घरचा लॅब्रा कूलरखाली गळणारं पाणी चाटायला गेला, जीभ पत्र्याला लागली आणि जागीच गेला. पिल्लू असताना तर वायर चावणारच. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. हे माणसांनाही लागू आहे, दर उन्हाळ्यात पेपरात तशा बातम्या येतात.

गोचीड इथे जवळपास बारमाही. दुपारी झोपला की कानांच्या आत, बोटांच्या फटीत, शेपटीखाली बघत जा. गोचिडांमुळे होणारा ताप गुपचूप येतो: जेवण कमी होतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर रक्त तपासून प्लेटलेट बघायला सांगा. वेळेवर कळला तर बहुतेक बरा होतो, फक्त गोळ्या महिनाभर चालतात आणि लोक दहाव्या दिवशी 'आता खेळून राहिला ना' म्हणून बंद करतात. कृषी केंद्रातून गुरांचं औषध आणून अंदाजाने पाण्यात मिसळून आंघोळ घालू नका. त्यातली काही कुत्र्याला झेपत नाहीत आणि मांजराचा तर जीवच घेतात.

घरातल्या औषधांबद्दल एकच सांगते. माणसाची तापाची गोळी मांजराला अर्धीसुद्धा द्यायची नाही, पॅरासिटामॉलने मांजर मरतं. कुत्र्याला आयबुप्रोफेन नको. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा नको. सावजीचा रस्सा तर अजिबात नको. तो कांद्यावरच उभा असतो, आणि त्यातलं शिजलेलं कोंबडीचं हाड आतडं फाडू शकतं.

दवाखान्यासाठी घराजवळचे एक डॉक्टर ठरवून ठेवा, रात्रीचं कोण बघतं हे आजच विचारून घ्या. मोठं काही निघालं, तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं. शिकाऊ मुलं असतात, वेळ लागतो, पण खर्च आवाक्यात राहतो.

आता रेस्क्यू. इथे माझं मत जरा तिरकं आहे. जखमी जनावराचा फोटो टाकणारे शंभर आहेत. उचलून दवाखान्यात नेणारे दहा असतील. उपचार झाल्यावर 'आता याला पंधरा दिवस कोण ठेवणार?' म्हटलं की ग्रुप चिडीचूप. अडतं ते इथे. पाय मोडलेलं कुत्रं प्लास्टर घालून परत चौकात सोडता येत नाही, आणि शेल्टरमध्ये दाटीवाटीने ठेवलं की एकाचा पार्व्हो सगळ्यांना होतो. तुमच्या फ्लॅटमध्ये दुसरी बाथरूम असेल तर ती कुठल्याही देणगीपेक्षा मोलाची आहे. दार बंद होतं, फरशी धुता येते, नळ आहे. एका वेळी एकच जनावर, किमान चौदा दिवस. त्याची भांडी वेगळी, चप्पल वेगळी, आणि आधी स्वतःच्या पिल्लाचं सगळं आटोपून मग त्याच्याकडे जायचं, उलटं नाही. मात्र तुमच्या पिल्लाचे डोस पूर्ण होईपर्यंत हेही करू नका. अडीच-तीन महिने थांबलात म्हणून काम संपून जाणार नाही.

आणि स्वतः रेबीजची आगाऊ लस घेऊन ठेवा. भटक्या जनावरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी. तरीही कोणी चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, ही इथली दोन सरकारी रुग्णालयं, त्यांतलं एक गाठायचं. हळद-तिखट चोळत बसायचं नाही. आधी लस झालेल्यांनाही नंतरचे डोस लागतातच, फक्त कमी. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही.

पक्षी आणि रानातले जीव मात्र घरी आणू नका. जानेवारीत नायलॉन मांजात अडकलेल्या घारी आणि घुबडं सापडतील. भोकांचा खोका घ्या, अंधार करा, पाणी पाजत बसू नका, आणि सेमिनरी हिल्सच्याच वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या. वन विभागाचा क्रमांक १९२६. जाता जाता, शेजारी कोणी पिंजऱ्यात आपला हिरवा पोपट ठेवला असेल तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण नवीन सोसायटीत पहिल्याच महिन्यात हे भांडण काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

खाऊ घालण्यावरून मात्र भांडण होणारच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं होतं की ज्यांना खाऊ घालायचंय त्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. लोकांना यातला पहिला अर्धाच आठवतो. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची, मुलांच्या खेळण्याजवळ आणि जिन्याशी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरलेल्या जागीच, असंच धोरण घेतलं. म्हणून सचिवांना कायदा दाखवण्याआधी पार्किंगचा एक कोपरा मागा आणि तो रोज स्वतः धुवा. आमचे सचिव आधी म्हणायचे, 'मॅडम, तुम्ही काहून नसता ताप घेऊन राहिल्या?' कोपरा स्वच्छ दिसायला लागल्यावर तेच गावाला जाताना मला बिस्किटांचे पैसे देऊन जातात. (बिस्किटं नकोत, भात-अंडं बरं, पण पैसे मी घेते.)

विष घालायच्या धमक्या कोणी दिल्याच तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ माहीत असू द्या, जनावराला मारलं किंवा विष दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या जुन्या कायद्यातला पन्नास रुपयांचा दंड ऐकून लोक हसतात, हे ऐकून हसत नाहीत.

तर पैसे. क्यूआर कोड आणि रडका फोटो पाहून पाठवू नका, तोच फोटो तीन शहरांतून फिरलेला मी पाहिलाय. ज्या जनावराची केस तुम्हाला माहीत आहे, त्याच्या डॉक्टरांच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या खात्यात थेट भरा आणि पावती घ्या. एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर आधी दोन रविवार तिथे जाऊन पिंजरे धुवा. कुठे काय कमी आहे ते न विचारता कळतं. तिथे बहुतेक वेळा जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रंच हवी असतात.

पण तुमचे पहिले पैसे त्या पार्किंगमधल्या आईवर खर्च करा. पिल्लांचं दूध सुटलं की तिची नसबंदी करून घ्या, महापालिकेच्या केंद्रात नाही जमलं तर खासगीत. नियमाप्रमाणे तिला त्याच जागी परत सोडायचं असतं, कानाला खाच मारलेली असते, ती सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. कुत्रीचा गाभण काळ जेमतेम दोन महिन्यांचा आणि वर्षात दोनदा माजावर येते. दिवाळीपर्यंत टाळलंत, तर पुन्हा चार पिल्लांचा प्रश्न घेऊन इथेच याल.

आणि आज संध्याकाळी खाली जाल ती चप्पल दाराबाहेरच ठेवा.