सत्तावन्न फुटी होडी आणि अठरा मीटरचे बिल

प्रश्न : मी तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यासाठीच्या अरुंद, लांब होडीत राहतो. होडी जुनी घेतली. जाहिरातीत आणि विक्रीच्या कागदावर लांबी ५७ फूट लिहिली होती, म्हणून परवान्याच्या अर्जात दरवर्षी १७.३७ मीटर भरत आलो. आता परवाना कार्यालयाचे पत्र आले आहे. तपासणीत लांबी १८.०२ मीटर भरली, तिन्ही वर्षांचा फरक तीस दिवसांत भरा, नाहीतर परवाना रद्द करून होडी हटवू, असे त्यात म्हटले आहे. आजूबाजूचे बोटवाले सांगतात की फेंडर (धक्का झेलणारी गादी) आणि सुकाणू लांबीत धरायचेच नसतात. मी खोटी माहिती दिली असे ठरेल का? पैसे भरू की भांडू? (एक वाचक)

उत्तर : तुमच्या पत्रात आणि कार्यालयाच्या पत्रातही एक गोष्ट नाही. हे ६५ सेंटिमीटर आले कुठून? तेवढे कळल्याशिवाय भरायचे की भांडायचे हे ठरवता येणार नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर असेलही, पण ते कोणत्या व्याख्येनुसार बरोबर आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही, कारण होडीला एकच लांबी नसते.

लहान होड्यांच्या मोजमापासाठी आयएसओ ८६६६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दोन लांब्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. पहिली हलची, म्हणजे सांगाड्याची लांबी. काहीही न मोडता सुटे होणारे भाग त्यात धरत नाहीत : बाहेर आलेला डोलकाठीसारखा दांडा, सुकाणू, इंजिनाचा ब्रॅकेट, पोहण्याचा प्लॅटफॉर्म, फेंडर. दुसरी कमाल लांबी. तिच्यात सुकाणू येते आणि कायमचे बसवलेले फेंडरही येतात. हत्याराशिवाय काढता येणाऱ्या वस्तू तेवढ्या वगळतात. ब्रिटनच्या जहाज नोंदणीच्या नियमांत तिसरीच भाषा आहे : सर्वांत पुढच्या स्थिर, कायम भागापासून सर्वांत मागच्या स्थिर, कायम भागापर्यंतचे अंतर. एकाच होडीला या तीन व्याख्या लावल्या तर तीन आकडे येऊ शकतात आणि तिन्ही खरे असतात.

यांपैकी कोणतीही व्याख्या परवान्याला आपोआप लागू होत नाही. तिथे चालते ती परवान्याच्या अटींमधली व्याख्या, आणि तीही त्या त्या वर्षीची. अटी अधूनमधून बदलतात. तेव्हा तिन्ही वर्षांच्या अटींच्या प्रती काढा, व्याख्यांच्या भागात ‘लांबी’ हा शब्द शोधा आणि तिन्ही मजकूर शेजारीशेजारी ठेवून वाचा. ‘फेंडरसह’ किंवा ‘फेंडर वगळून’ असे स्पष्ट लिहिले असेल तर वाद तिथेच मिटला, तुमच्या बाजूने किंवा तुमच्याविरुद्ध. अर्जातल्या रकान्याखाली बारीक अक्षरात दिलेली सूचनाही वाचा. बरेचदा खरा खुलासा तिथेच असतो.

मजकूर मोघम असेल, नुसते ‘एकूण लांबी’ एवढेच असेल, तर ग्राहक हक्क कायदा २०१५ चे कलम ६९ हाताशी येते. ग्राहकाशी झालेल्या करारातल्या एखाद्या अटीचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाला अधिक अनुकूल अर्थ धरायचा, असे ते कलम सांगते. आमचे शुल्क कायद्याने दिलेल्या अधिकारातून येते, हा साधा ग्राहक-करार नाही, असे उत्तर समोरून येऊ शकते. तरीही युक्तिवाद मांडण्याजोगा आहे, आणि लेखी मांडला की पत्रव्यवहाराचा सूर बदलतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत होडीच्या मागे दोरखंडाचा मोठा फेंडर दिसतो. लॉकमध्ये, म्हणजे होडी वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, सुकाण्याचे पाते भिंतीवर किंवा दारावर आपटू नये म्हणून तो असतो. पुढे नाकावर गोल बटण फेंडर आहे. दोन्ही साखळ्यांनी टांगलेले आहेत. आता जवळ जाऊन साखळीचे टोक बघा. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कड्याची, पिन बोटांनी फिरवून निघते का? की ती गंजून बसली आहे आणि पाना लावावा लागतो? की साखळीची कडी थेट पोलादाला वेल्ड केली आहे? ‘काढता येणारे’ आणि ‘कायमचे’ यांतला फरक या इंचभर पिनेवर ठरू शकतो. तिचा जवळून फोटो घ्या, आणि तो घेण्याआधी पिन बदलू नका. तपासणीच्या दिवशी जशी होती तशीच ती दिसायला हवी. आखूड लॉकमध्ये बोटवाले फेंडर वर उचलून घेतात. तुम्हीही घेत असाल तर तसे लिहा, कारण तो होडीचा अंगभूत भाग नाही याचा तो रोजच्या वापरातला पुरावा आहे.

फेंडर आणि सुकाणू मिळून ६५ सेंटिमीटर भरणे सहज शक्य आहे. पण आणखी दोन शक्यता आहेत, आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात त्या येत नाहीत.

पहिली, सांगाडाच ५७ फुटांपेक्षा लांब असणे. जुन्या नॅरोबोटी मधोमध कापून नवा तुकडा घालून लांबवल्या जातात, आणि मूळ पाटीवरचा आकडा तसाच राहतो. काही विक्रेते आकडा सरळ जवळच्या फुटात बसवतात. तुम्ही होडी स्वतः कधी मोजलीच नाही, जाहिरातीवर विश्वास ठेवलात. तेव्हा सांगाडा १७.३७ मीटरच आहे असे छातीठोकपणे लिहून देऊ नका.

दुसरी शक्यता टेप चुकीच्या वाटेने धरल्याची. काठाकाठाने, म्हणजे गनवेलवरून टेप नेला की लांबी फुगते. हिशेब करून बघा. नॅरोबोटीची रुंदी साधारण २.०८ मीटर, म्हणजे मध्यरेषेपासून काठ १.०४ मीटर. पुढच्या तीन मीटरांत काठ निमुळता होत नाकाशी येतो. त्या तिरक्या वाटेची लांबी सरळ रेषेत धरली तरी सुमारे ३.१७ मीटर, म्हणजे १७ सेंटिमीटर जास्त. मागची बाजू अर्धगोल असेल तर घोळ आणखी मोठा. त्या गोलाईवरून मध्यरेषेपर्यंत टेप नेला तर १.०४ मीटरऐवजी १.६३ मीटर भरतात, ५९ सेंटिमीटर फुकटचे. म्हणजे नुसत्या टेपच्या वाटेने तुमच्या वादाएवढा फरक पडू शकतो. कार्यालयाच्या माणसाने असेच मोजले असे मी म्हणत नाही. पण कसे मोजले हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

तुम्ही स्वतः मोजताना होडी सरळ दगडी किंवा काँक्रीटच्या काठाला लावा, पुढून-मागून घट्ट बांधा. वारा नसलेली सकाळ निवडा. दोनेक मीटरची सरळ फळी आणि मोठा गुण्या घ्या. फळी काठाशी काटकोनात, होडीच्या नाकासमोर आडवी धरायची, नाकाचे पोलाद तिला जेमतेम टेकले की काठावर खडूने रेघ मारायची. नाक काठापेक्षा बरेच उंच असते, म्हणून नाकापासून ओळंबा फळीवर सोडा. मागेही तसेच. मग दोन रेघांमधले अंतर ३० मीटरच्या टेपने, टेप जमिनीवर ताणून मोजा. टेप छपरावरून नेऊ नका, मध्ये झोळ पडतो. होडी किंचित तिरकी राहिली तर घाबरू नका. एक टोक काठापासून अर्धा मीटर बाहेर गेले तरी सतरा मीटरमध्ये फरक सात मिलिमीटरचा पडतो.

असे चार आकडे काढा : फक्त पोलादी सांगाडा, सांगाडा आणि सुकाणू, सांगाडा आणि फेंडर, आणि सगळे मिळून. प्रत्येक तीनदा. रेघेवरचे टेपचे आकडे आणि होडीचा नंबर एकाच चौकटीत येतील असे फोटो काढा. रुंदीही मोजून ठेवा, कारण एप्रिल २०२० पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेच्या परवान्यांत २.१६ मीटरपेक्षा रुंद होड्यांना जादा आकार आहे. लांबीसाठी पुन्हा तपासणी झाली तर रुंदीचा प्रश्न निघायला वेळ लागत नाही.

रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र मरीन सर्व्हेअरकडून एक पानी दाखला घ्या. पण आधी रक्कम बघा. ६५ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या जाहीर लांबीच्या पावणेचार टक्क्यांहूनही कमी. शुल्क लांबीच्या टप्प्यांवर असेल तर दोन्ही आकडे एकाच टप्प्यात येतात की मध्ये टप्पा ओलांडला जातो, यावर सगळे अवलंबून. त्या त्या वर्षीचा दरतक्ता काढून तीन ओळींचा हिशेब करा. सर्व्हेअरची फी वादातल्या रकमेपेक्षा जास्त निघाली तर खडू आणि टेप पुरे.

आता धमकीचा भाग. ब्रिटिश वॉटरवेज कायदा १९९५ च्या कलम १७ मध्ये परवाना नाकारण्याची तीन कारणे आहेत : होडी सुरक्षा प्रमाणपत्र नसणे, विमा नसणे, आणि कायमची बांधण्याची जागाही नाही व खरोखरीचा प्रवासही नाही अशी स्थिती. या अटी मोडल्या तर किमान २८ दिवसांची, चूक दुरुस्त करण्याची नोटीस द्यावी लागते, आणि चूक दुरुस्त न होता ती मुदत संपली की परवाना संपतो. या तिन्हींत लांबी नाही. म्हणून लांबीच्या वादात काहीच होऊ शकत नाही असे मात्र नाही. वाहतूक कायदा १९६२ च्या कलम ४३ खाली शुल्क आणि अटी ठरवण्याचा अधिकार आहे, आणि पूर्ण शुल्क भरले नाही असा मुद्दा त्यातून उभा करता येतो. परवाना नसलेली होडी हटवण्याचा अधिकार ब्रिटिश वॉटरवेज कायदा १९८३ च्या कलम ८ मध्ये आहे, त्यालाही किमान २८ दिवसांची नोटीस लागते. होडी तुमचे राहते घर आहे हे पहिल्याच उत्तरात लिहा. घराच्या बाबतीत मानवी हक्क कायदा १९९८ लागू होतो आणि कारवाई प्रमाणात आहे का हा प्रश्न विचारता येतो. चार टक्क्यांच्या वादासाठी घर उचलून नेणे प्रमाणात आहे हे पटवणे कोणालाही जड जाईल.

खोट्या माहितीची भीती आज तरी सोडा. फसवणूक कायदा २००६ च्या कलम २ ला अप्रामाणिकपणा लागतो. विक्रीच्या कागदावरचा आकडा सरळ मनाने उतरवणे त्यात बसत नाही. मात्र पत्र हाती आल्यापासून परिस्थिती बदलली. पुढच्या नूतनीकरणात पुन्हा निमूटपणे १७.३७ लिहाल तर ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. मोजलेला आकडा लिहा आणि सोबतच्या पत्रात वाद कळवा.

उत्तर तीस दिवसांच्या आत, लेखी द्या. माझ्या मते मजकूर एवढाच असावा :

‘तुमचे पत्र मिळाले. लांबी १८.०२ मीटर कोणत्या तारखेला, कोणी, कोणत्या दोन बिंदूंमध्ये आणि कोणत्या पद्धतीने मोजली ते कळवावे व फोटो द्यावेत. फेंडर आणि सुकाणू धरले आहेत का ते सांगावे. परवान्याच्या कोणत्या अटीतली व्याख्या लावली, ते प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्र सांगावे. वर्षवार हिशेब द्यावा. परवाना रद्द करण्याचा इशारा कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते कळवावे. होडी माझे राहते घर आहे. खुलासा येईपर्यंत वसुली व कारवाई थांबवावी.’

‘थकबाकी मान्य आहे, पण हप्ते द्या’ असे चुकूनही लिहू नका. माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर यूके जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली तुमच्या नावावरच्या नोंदींची प्रत मागा. साधारणपणे एका महिन्यात ती द्यावी लागते. उत्तर असमाधानकारक आले तर संस्थेची अंतर्गत तक्रार प्रक्रिया पूर्ण करा, त्यानंतर वॉटरवेज ऑम्बुड्समन या तक्रार लवादाकडे जाता येते. न्यायालयात गेलेच तर १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सहसा स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान दाव्यांच्या सोप्या मार्गाने चालतात, तिथे वकील नसला तरी निभावते. करारातल्या देण्याच्या दाव्याला मुदत सहा वर्षांची आहे, तेव्हा तीन वर्षांची मागणी मुदतबाह्य आहे या मुद्द्यात जाऊ नका. आधीच्या मालकाच्या काळातला फरक मागितला तर मात्र नकार द्या. तो परवाना त्यांचा होता, करार त्यांचा होता.

खुलासा येऊनही वाद उरला आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली, तर मी पैसे भरून टाकीन. सोबत ‘हक्क राखून, आक्षेपासह भरणा’ असे लिहून ती रक्कम परत मागण्याची वाट मोकळी ठेवीन. परवान्यात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका. खंड पडला की वाद सेंटिमीटरचा राहत नाही, विनापरवाना होडीचा होतो, आणि त्यात तुमची बाजू लंगडी पडते.

विक्रेत्याकडून भरपाईचा विचार सांगाडा मोजल्यावरच करा. सांगाडा ५७ फूट निघाला तर त्याने खरेच सांगितले होते, नॅरोबोटीच्या व्यवहारात सहसा पोलादाचीच लांबी बोलतात. सांगाडाच ५९ फूट निघाला तर वर्णनाप्रमाणे माल नाही असे म्हणता येते. खासगी विक्रेत्याविरुद्ध वस्तुविक्री कायदा १९७९ चे कलम १३, व्यावसायिक विक्रेता असेल तर ग्राहक हक्क कायद्याचे कलम ११. मात्र दोन फूट जास्त होडी मिळाल्याने नुकसान किती झाले हे दाखवणे अवघड, आणि परवान्याच्या फरकापलीकडे फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

शेवटी विम्याची पॉलिसी काढून बघा. तिथेही १७.३७ असेल, आणि मोजणीत सांगाडा वेगळा निघाला, तर विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवा. ग्राहक विमा कायदा २०१२ प्रमाणे माहिती देताना वाजवी काळजी घेणे तुमच्यावर आहे, आणि परवान्याच्या पत्रामुळे आकडा तुम्हाला माहीत झाला होता हे दाव्याच्या वेळी सहज पुढे येईल. सुरक्षा प्रमाणपत्रावर, सर्व्हे अहवालावर आणि विक्रीच्या कागदावर कोणती लांबी आहे तेही याच बैठकीत एका कागदावर उतरवा.