‘मीनिंगफुल वर्क’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: आर्थिक न्यायावरच्या एका लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात ‘मीनिंगफुल वर्क’ सारखं सारखं येतं, ‘अर्थपूर्ण काम’ लिहिलं तर चालेल का?

चूक नाही, पण मी तरी टाळेन. रोज मराठी पेपर वाचणाऱ्याच्या कानाला ‘अर्थपूर्ण’ आता सरळ लागतच नाही, ‘दोघांत अर्थपूर्ण बोलणी झाली’ म्हटलं की पैसे फिरले हे कुणीही ओळखतं. आणि विषय आर्थिक न्यायाचा असल्यावर तर घोळ ठरलेलाच, वाचणारा समजणार की चांगल्या पगाराच्या कामाबद्दल चाललंय. इथला वाद तर नेमका हाच आहे की पगार रास्त मिळाला म्हणजे न्याय झाला का.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने 1971 च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये न्यायाने वाटायच्या मूलभूत गोष्टी सांगितल्या, हक्क आणि स्वातंत्र्यं, संधी, उत्पन्न-संपत्ती, आणि स्वाभिमानाला लागणारा सामाजिक आधार. यात काम असं वेगळं नाही. पण त्याच पुस्तकात पुढे तो म्हणतो की चांगल्या समाजात कुणावर डोकं बधिर करणाऱ्या एकसुरी कामांमधूनच निवड करायची पाळी येऊ नये, आणि नंतरच्या लेखनात तर स्पष्ट म्हणतो की ‘मीनिंगफुल’ कामाची संधीच नसणं माणसाच्या स्वाभिमानाला मारक असतं. म्हणजे काम आलं, पण स्वाभिमानाचं बोट धरून. दुसरा अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक, त्याचं 1974 मधलं म्हणणं वेगळं, कामगारांना असं काम हवंच असेल तर ते थोडा कमी पगार घेऊन ते निवडतील, बाजारात ते होईल. मला हे अजिबात पटत नाही. ज्याची चूल आजच्या हजेरीवर पेटते त्याने पगारातलं काय सोडायचं?

आणि आपल्याकडे हा मुद्दा रॉल्सच्या 35 वर्षं आधी मांडून झालाय. बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये म्हटलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि ज्या कामात माणसाचं ना मन आहे ना बुद्धी, तिथे कार्यक्षमता येणार कुठून. धंदा जन्माने गळ्यात पडलेला, त्यात आवड-निवड, कसब, पुढची वाट हे प्रश्नच बाद. भाषांतर करताना हा भाग शेजारी उघडा ठेवा, मदत होईल.

आता बोलीत काय आहे ते बघू. उलट्या अर्थाचे शब्द ढीगभर आहेत. राबणं, ढोरमेहनत, हमाली, वेठ, पाट्या टाकणं. यातलं ‘पाट्या टाकणं’ उघडच मातीकामातून आलेलं, पाटी भरायची, नेऊन ओतायची, परत यायचं, आणि आपण ते ऑफिसात मन न लावता काम करणाऱ्याला उद्देशून वापरतो, म्हणजे दोष टाकणाऱ्याचा. न्यायाचा विचार करणारा माणूस विचारतो की दिवसभर फक्त पाटीच हातात येईल अशी कामाची रचना कुणी केली?

रोजगार हमीचं बघा ना. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, रस्त्यांना, पाझर तलावांवर माणसं गेली, बायका तर मोठ्या संख्येने, 1977 मध्ये कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. ही फार मोठी गोष्ट आहे, त्याला कमी लेखू नये. पण हक्क होता तो हातांना काम आणि कामाला दाम इतकाच, फोडलेल्या खडीचं पुढे काय होतं याच्याशी फोडणारीचा संबंध नव्हता, तिच्यापुरतं मोजमाप लागलं की संपलं. मग 1990 मध्ये रोहयोला फळबाग लागवड जोडली गेली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी त्यातून स्वतःच्याच रानात आंब्या-डाळिंबाचे खड्डे घेतले. खड्डा तोच, कुदळ तीच, घामही तोच. पण खड्डा किती खोल घ्यायचा, कुठलं झाड कुठे लावायचं यात स्वतःचं डोकं चालवायचं, आणि झाड आपल्या डोळ्यांसमोर वाढणार. ‘मीनिंगफुल’ म्हणतात ते हेच, कामात आपलं कसब लागतं, आपलं म्हणणं चालतं, ते कशासाठी चाललंय हे आपल्याला दिसतं.

म्हणून लेखाच्या ओघात मी ‘जीव ओतता येईल असं काम’ लिहीन. ‘जीव ओतावा असं’ नको, त्यात कामगाराला उपदेश केल्यासारखं होतं, ‘ओतता येईल’मध्ये संधीचा अर्थ येतो, आणि रॉल्सही संधीबद्दलच बोलतोय. शीर्षकाला किंवा संज्ञा म्हणून आटोपशीर शब्द हवा असेल तर ‘सार्थ काम’ घ्या, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा म्हणजे पुढे अडणार नाही. ‘समाधानकारक काम’ मात्र नको, प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं वाटतं, आणि समाधान तर माणूस नाइलाजाने कशातही मानून घेतो.