आवडत्या लेखकासमोर फजिती झाली, आता काय करू?

मावशी, मी २९ वर्षांची, बार्शीत एका पतसंस्थेत नोकरी करते. कॉलेजपासून एकच लेखक जीव लावून वाचलाय (नाव लिहिलंय, पण छापू नका प्लीज). मागच्या महिन्यात पुण्यात त्यांच्या नव्या पुस्तकावर ते सह्या देणार होते म्हणून रजा टाकून पहाटेच्या एसटीने गेले. काय बोलायचं ते गाडीत घोकून ठेवलेलं. माझा नंबर आला आणि मी म्हणाले, सर, तुमच्या कादंबरीतला तो विहिरीवरचा प्रसंग वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. ते म्हणाले, "ती माझी कादंबरी नाही." मागची पोरं हसली. त्यांनी मान खाली घालून सही केली आणि वर 'सौ.' लावून माझं नाव लिहिलं. माझं लग्नच झालेलं नाही, पण सांगायची हिंमत झाली नाही. घरी येऊन शोधलं तर विहिरीचा प्रसंग दुसऱ्याच एका बाईंच्या कादंबरीतला निघाला, वाचनालयातून आणलेली होती कधीतरी. तेव्हापासून सरांचं पुस्तक हातात घेववत नाही. त्यांना माफीचा मेल टाकू का? ते गर्विष्ठ आहेत का? आणि आई म्हणते 'सौ.' लिहिलं हा शुभशकुन आहे, तिचं काय करू?
– वेंधळी, बार्शी

अगं वेंधळे,

आधी आईचं उरकून टाकू, ते सगळ्यात सोपं आहे. शकुनबिकुन काही नाही, एका वयाच्या पुढच्या माणसांना बाईचं नाव लिहायला सांगितलं की हात आपोआप 'सौ.'कडे वळतो, आणि तू टोकलं नाहीस. म्हणजे तू त्यांच्या नावावर दुसऱ्याची कादंबरी खपवलीस, त्यांनी तुझ्या गळ्यात न झालेला नवरा बांधला, फिट्टंफाट झाली की! खोडू नकोस, व्हाइटनरबिइटनर तर अजिबात लावू नकोस, उद्या पाहुण्यांना दाखवून हसायला बरं आहे ते. आईला मात्र त्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू देऊ नकोस, मग निस्तरत बसशील.

आता सर. गर्विष्ठ आहेत का, हे एका वाक्यावरून मी कशी सांगू? टेबलाच्या त्या बाजूला बसून बघ जरा. आधी तासभर भाषण, मग प्रश्नोत्तरं, मग कोणाकोणाचे सत्कार, मग ही रांग. शेजारी प्रकाशकाचा माणूस उभा, तो पहिलं पान उघडून पुस्तक पुढे सरकवतो, आत नावाची चिठ्ठी, ती बघायची, सही करायची की पुढचं पुस्तक आलंच, आणि मधूनमधून "चला, पुढे चला". बऱ्याचदा लेखकाला समोरच्याचा चेहरा दिसतो तो पुस्तक परत देताना, तेवढाच. त्यात आपल्या मराठी लेखकांना हे काही रोजचं नसतं, बहुतेकजण बँकेत नाहीतर कॉलेजात नोकरी करून लिहिणारे, हजाराची आवृत्ती खपायला वर्षंच्या वर्षं जातात, त्यामुळे अशी रांग बघून ते स्वतःच गांगरलेले असतात कधीकधी. तू म्हणालीस ती कादंबरी त्यांची नव्हती, ते म्हणाले नाही, बरोबरच बोलले. तेच जरा हसून बोलले असते तर काय बिघडलं असतं, हे मीही म्हणते, आणि तेवढा राग तू खुशाल ठेव. पुस्तक चांगलं लिहिणारा माणूस बोलायलाही गोड असावा असं कुठे असतं, उलट नुसतेच गोड बोलणारे लेखकही आपल्याकडे पोत्याने पडलेत.

पण खरं बोलू का, राग येऊ देऊ नकोस. तुला झोंबलंय ते मागच्या पोरांचं हसणं नाहीच फक्त. तू एवढं घोकून गेलीस ते कशासाठी, तर त्यांना कळावं की ही बाकीच्यांसारखी नाही, हिने मनापासून वाचलंय. इतकी वर्षं तो माणूस तुझ्या उशाशी बोलतोय, त्यामुळे तुला वाटलं ओळख आहे, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर तू त्या दिवशी पहिल्यांदा दिसलीस, तीही चिठ्ठीवरचं एक नाव म्हणून. यात कुणाचीच चूक नाही गं. आणि गल्लत झाली म्हणून तू खोटी वाचक ठरत नाहीस. आयुष्यात चारच पुस्तकं वाचणाऱ्याची गल्लत कधी होत नाही, खूप वाचणाऱ्यांच्या डोक्यात विहिरी आणि वाडे एकमेकांत मिसळतातच.

माफीचा मेल अजिबात टाकायचा नाही. तो वाचून त्यांनी करायचं काय? "असू दे हो" एवढंच लिहिता येतं, आणि त्यांना बहुधा काही आठवतही नसणार, तूच उकरून आठवण करून देशील. लिहायचंच असेल तर प्रश्न लिही, पुस्तकातला, अमुक पानावर ती बाई परत का जात नाही, असला काहीतरी नेमका. जयंत नारळीकरांचं माहितीये ना, मे २०२५ मध्ये गेले ते, मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, सही नाही देणार, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेलच. किती बरोबर केलं बघ, नुसती सही घेऊन पोरगं घरी जाऊन वही कपाटात टाकणार, प्रश्न काढायचा म्हटलं की डोकं चालवावं लागतं. आणि जी. ए. कुलकर्णी! धारवाडला राहायचे, समारंभ आणि गर्दी म्हटलं की चार हात लांब, सहीच्या रांगेपुढे बसलेले जी. ए. तर कल्पनेतसुद्धा येत नाहीत, पण पत्रं मात्र अशी भरभरून लिहायचे की पुढे त्या पत्रांचे खंड निघाले. समोर आल्यावर कोरडा वाटणारा माणूस कागदावर वेगळाच असू शकतो, तुझे सरही तसे असतील, नसतीलही.

पत्ता कुठून आणायचा म्हणशील, तर पुस्तकाच्या सुरुवातीला ते आवृत्ती, मुद्रक, हक्क वगैरे असलेलं पान असतं ना, जे आपण कधीच वाचत नाही, तिथे प्रकाशकाचा पत्ता असतो. जुन्या मराठी पुस्तकांत तर लेखकाच्या घराचाच पत्ता सापडतो बऱ्याचदा. लेखकाचं नाव, खाली 'द्वारा' आणि प्रकाशकाचा पत्ता, झालं. एक पान पुरे. सोबत स्वतःच्या कविता जोडू नकोस, हात जोडते.

पण सरांचं पत्र नंतर, घाई नाही. पुस्तक हातात घेववत नाही ना, मग राहू दे कपाटात, वाटेल तेव्हा घेशील. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच आहे, आणि ते तू एका ओळीत उडवून लावलंयस. रात्रभर झोप लागली नाही तो प्रसंग "दुसऱ्याच एका बाईंचा निघाला", बस, एवढंच? त्या बाई कोण, अजून काय काय लिहिलंय त्यांनी, हे बघावंसंही वाटलं नाही तुला? ज्यांनी तुझी झोप उडवली त्यांचं नाव लक्षात नाही, आणि त्यांचं श्रेय तू एसटीने पुण्याला नेऊन दुसऱ्याला देऊन आलीस. अशा लेखिकांच्या टेबलापुढे रांगा लागत नाहीत, तू म्हणतेस तसं वाचनालयातून कधीतरी आणून वाचून परत केल्या जातात. तेव्हा या शनिवारी वाचनालयात जा, ती कादंबरी परत काढ आणि पहिलं पत्र त्यांना लिही. विहिरीचं सांग, झोपेचं सांग, एसटीत जे काय घोकलं होतंस तेही सांगून टाक. त्या हयात नसतील तर उरलेली पुस्तकं तरी शोधून वाच.

फक्त कादंबरीचं नाव लिहिताना मुखपृष्ठ समोर ठेव, बाई.