मुलाकडे क्रिकेटचं हेल्मेट आहे, तरी माउथगार्ड लागतो का?

मुलगा 9 वर्षांचा, नुकताच सीझन बॉलवर (कडक लेदरच्या) खेळायला लागलाय, हेल्मेट घेतलंय, मग दातांवर बसवायच्या माउथगार्डचा आणखी खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

माझी मुलगी तेव्हा 12 वर्षांची, विकेटकीपर. बॅटिंगला हेल्मेट असायचंच. लागलं ते नेट्स संपल्यावर, हेल्मेट किटबॅगेत गेल्यावर, कॅचिंग चालू असताना. बॉल मॅटिंगच्या कडेवर पडून उसळला आणि थेट तोंडावर आला. रक्तात काही दिसेना. तिनंच विचारलं, "बाबा, माझा दात कुठंय?" चार पोरं गुडघ्यांवर बसून मातीत दात शोधत होती.

सापडला तेव्हा मी तो रुमालानं पुसायला निघालो होतो. नशिबानं आधी डेंटिस्टना फोन लावला. त्या म्हणाल्या, मुळाला हात लावू नका, घासू नका, पांढरा भाग धरून जागेवर बसवा. जमत नसेल तर दुधात घालून लगेच या. माझे हात थरथरत होते, बसवणं काही झालं नाही. समोरच्या टपरीवाल्यानं नवी पिशवी फोडून चहाच्या ग्लासात थंड दूध दिलं. अर्ध्या तासात क्लिनिक गाठलं. दात बसवून दोन आठवडे तार, मग रूट कॅनॉल. आज दात आहे, थोडा काळपट, पण आहे. तास उलटला असता तर तो टिकण्याची आशा फार कमी होती. (हे फक्त कायमच्या दाताला. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, खालच्या दाताला इजा होते.)

तर, हो, घ्या. 9 व्या वर्षी पुढचे दात कायमचे आलेले असतात, बाकीचे पडत-येत असतात. त्यामुळे डेंटिस्टकडून माप देऊन केलेला गार्ड सगळ्यात चांगला खरा, पण काही महिन्यांत बसेनासा होतो. सध्या गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा घ्या. दात पुढे असतील तर अजिबात टाळू नका.

आणि ते हेल्मेट एकदा तपासा. शाळेचा गणवेश घेतो तसं वाढत्या अंगाचं घेतलं नाहीत ना? आपण सगळेच घेतो. मुलांचा बॉल मोठ्यांच्या बॉलपेक्षा लहान असतो, मोठ्यांच्या हेल्मेटच्या जाळीतून तो आत शिरू शकतो. जाळी आणि वरची कड यांच्यामध्ये बॉल धरून बघा.

कोणी अँटिग्वातल्या कुंबळेचं उदाहरण देईल, 2002 मध्ये जबड्याला पट्टी बांधून लाराला बाद केलं म्हणून. तो नंतर शस्त्रक्रियेसाठी भारतात परतला, हे कोणी सांगत नाही.

मुलगा सुरुवातीला कुरकुरेल. आमची म्हणायची, तोंडात चप्पल ठेवल्यासारखं वाटतं. आठवड्याभरात सवय झाली. गार्ड गार पाण्यानं धुवा, आणि गाडीत उन्हात ठेवू नका, आमचा पहिला तसाच वाकडा झाला.