पणजोबांचं पदक आणि रामदरबारचं 'कंपनी' नाणं: शोध कुठून सुरू करायचा

तुम्ही लिहिलंय की गावच्या घरी ट्रंकेत दोन वस्तू मिळाल्या, एक चांदीचं गोल पदक, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे, आणि दुसरं तांब्याचं रामदरबारचं नाणं, वर ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. घरात सांगतात पणजोबांना इराकमधल्या कूटच्या लढाईत शौर्यासाठी पदक मिळालं, आणि नाण्याचे कोणीतरी लाखो रुपये देतोय.

नाण्याचं आधी उरकतो. ते चलनातलं नाणंच नाही हो, कंपनीनं राम-सीता घालून कधीच नाणं पाडलं नाही. सगळ्या हिंदुस्थानासाठी कंपनीची एकसारखी नाणी १८३५ पासून सुरू झाली, त्यातला अर्धा आणा १८३५ आणि १८४५ चा, त्यावर दोन सिंहांनी धरलेली कंपनीची मुद्रा असते आणि वजन १३ ग्रॅमच्या जरासं आत भरतं. तुमच्याकडे आहे तो देवघरात ठेवायचा टोकन, त्यावर १६१६, १७१७, १८१८ असे जुळवलेले आकडे घालतात, नुसतं ते बघूनच शंका यायला पाहिजे. देवघरात खुशाल ठेवा. पण हेच टोकन दाखवून 'राइस पुलर'वाले लोकांना लुबाडतात, तांदूळ ओढतं, इरिडियम आहे, टेस्टिंगला आधी पैसे भरा वगैरे, त्यामुळे जो कोणी लाखो रुपये देतो म्हणतोय त्याला ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांवर फी मागणारे पण असतात, बँकेनं २०२१ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

आता पदक. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, पुढे पाचव्या जॉर्जचं डोकं, मागे घोड्यावर सेंट जॉर्ज, व्यास ३६ मिलिमीटर. हे शौर्यपदक नाही, ही गोष्ट घरच्या मोठ्यांना जरा जपून सांगा. साधारण ६५ लाख पदकं वाटली गेली, म्हणजे युद्धात सेवा केलेल्या जवळपास प्रत्येकाला. शौर्याची पदकं वेगळी, उदाहरणार्थ इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. याच्या जोडीला ब्राँझचं, पंख असलेल्या देवीचं व्हिक्टरी मेडल पण बहुतेक मिळालेलं असणार, ट्रंक परत एकदा उपसा, बायकांच्या जुन्या डब्यात बघा, कारण चांदीचं नाही म्हणून ते कुठेतरी खिळ्यांच्या डब्यात पडलेलं असतं. उलट चांदीची कितीतरी पदकं सराफाकडे वितळली, तुमचं राहिलं हेच नशीब.

खरी माहिती पदकाच्या कडेवर असते. तुम्ही म्हणता 'सेपॉय, नाव आणि ११० मराठा' असं पुसट दिसतं, त्यातली ११० मराठा ही पलटण. खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा आणि चारही बाजूंनी फोटो काढा, पॉलिश अजिबात नको, ब्रासो तर नकोच नको. अक्षरं ठशानं दाबलेली असायला हवीत, हातानं कोरलेली दिसली किंवा व्यास ३६ पेक्षा कमी भरला तर जुनं नाव घासून नवं टाकलंय असा संशय घ्यायचा. कडेवर सुरुवातीला असतो तो आकडा (११० नव्हे) सैनिकाचा नंबर, पण तो त्या पलटणीपुरता, नुसत्या नंबरवरून काही सापडत नाही. आणि नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानानं लिहिलेलं, आडनाव नसूही शकतं, तेव्हा 'हे आपले नव्हेतच' म्हणून लगेच सोडू नका.

११० मराठा कूटला होती हे खरं, ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये, १०३ आणि ११७ पण होत्या. तिथे तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेची शरणागती झाली. पण म्हणून पणजोबा कूटमध्ये होतेच असं होत नाही, कारण पलटण नंतर परत उभी केली आणि त्यात नवी भरती झाली, काही लोक डेपोत किंवा दवाखान्यात होते. पदक सगळ्यांना सारखंच. इथेच घरोघरच्या गोष्टी आणि कागद यांची फारकत होते, आणि मला वाटतं कागदानं जेवढं सिद्ध होतं तेवढंच लिहून ठेवावं, बाकी 'घरात असं सांगतात' असं वेगळं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधा, पण तिथे फक्त मृतांची नोंद, पणजोबा घरी परतले असतील तर मिळणार नाही, पण नुसतं न मिळणं हा ते जगल्याचा पुरावा नाही, नावाचं स्पेलिंग वेगळं असू शकतं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीवार संख्या टाकली होती, नावं रजिस्टरात आहेत, तेव्हा दगडाच्या फोटोत शोधत बसू नका. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची मेडल कार्डं मुख्यतः गोऱ्या सैन्याची, साध्या हिंदी शिपायासाठी तिथे पैसे घालवू नका. त्यापेक्षा घरातलं पेन्शनचं किंवा डिस्चार्जचं कागद, सातबाऱ्यावर बक्षीस जमिनीचा उल्लेख, आणि गावात 'या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत' अशी संगमरवरी पाटी आहे का ते बघा, कोकणात आणि साताऱ्याकडे अशा पाट्या बऱ्याच आहेत.

पलटणीचा पत्ता पण बदललाय. १९२२ ला ११० चं नाव ३/५ मराठा झालं, आणि १९५२ पासून ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे, म्हणून बेळगावला मराठा सेंटरला पत्र टाकाल तेव्हा जुना आणि नवा दोन्ही उल्लेख करा, नाहीतर पत्र इकडून तिकडे फिरत बसतं.

पदक विकायचा विचार असेल तर चांदीच्या भावात देऊ नका, नावासकट पलटणीच्या पदकाला संग्राहक वेगळे पैसे देतात, जोडी मिळाली तर जास्त. परदेशी गिऱ्हाईकाला पोस्टानं पाठवायच्या आधी मात्र पुरावशेष कायदा, १९७२ चा, बघून घ्या, शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कडेचे फोटो टाका, अक्षरं मी लावून देतो.