जिथे राहतो तिथे मन कसं लावावं?

तुमचा प्रश्न असा, की बंगळुरात आठ वर्षं झाली तरी मन गावातच असतं, ते इथे कसं लावावं, आणि फ्लॅट घ्यावा का.

मी बेळगावजवळचा, राकसकोपच्या वाटेवरचा. अंग एकीकडे आणि मन दुसरीकडे ठेवून कसं राहायचं, यात आमच्या घराने पन्नास-साठ वर्षं घातलीत, म्हणून लिहितोय.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, आठ वर्षांचे होते. मनाने ते शेवटपर्यंत महाराष्ट्रातच राहिले. सीमाप्रश्नाचा निकाल काय, पुढच्या वर्षी लागणारच! १९६६ ला त्यासाठी महाजन आयोग बसला, ६७ ला अहवाल आला, बेळगाव तिकडेच राहिलं, तरी आबांचं 'पुढचं वर्ष' जागचं हललं नाही. गंमत म्हणजे आबांचं नाव कल्लाप्पा. आमच्याकडे कडवा मराठी माणूसही कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमाण्णा असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कानडी अक्षर म्हटलं की आबांचं डोकं फिरायचं. जमिनीचा उतारा काढून आणायचे आणि न वाचता घडी घालून ट्रंकेत टाकायचे. "महाराष्ट्रात गेलो की मराठीत मिळतोय की!"

२०११ ला आबा गेले. वारसा लावायला कचेरीत गेलो तर कारकुनाने उतारा वाचून विचारलं, हे २२ गुंठे तुमचे कशावरून? आमच्या रताळ्याच्या तुकड्यावर आज्जाचं नावच नव्हतं, नुसतं चुलत आज्जाचं. उतारे संगणकावर चढवताना कधीतरी गळालं असणार. घरी येऊन ट्रंक उपसली. नऊ उतारे निघाले. नवांतही तीच चूक, शिक्क्यासकट. आम्ही पैसे भरून चूक घरी आणत होतो आणि वर डांबराच्या गोळ्या ठेवत होतो.

ती दुरुस्त व्हायला तीन वर्षं गेली. चुलत घर भलं म्हणून निभावलं, नाहीतर कोर्टात केस पांढरे झाले असते. त्या हेलपाट्यांत मी कानडी वाचायला शिकलो, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या पुस्तकातून. (मराठी शाळेतच जाते ती, कानडी एक विषय असतो.) ग म्हणजे वर शेंडी असलेला घोड्याचा नाल. ठ म्हणजे वटारलेला डोळाच. सकाळी स्टँडवर उभा राहून बसच्या पाट्या वाचायचो आणि मुलगी चुका काढायची. एक दिवस सगळ्या पाट्या वाचता आल्या. चाळीस वर्षं ज्या स्टँडवर उभा राहिलो तो त्या दिवशी नीट बघितला असं वाटलं.

तर तुम्हीही आधी वाचायला शिका. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी मोडकं का होईना, कानडीत बोला. आठ वर्षं हिंदी-इंग्रजीवर काढली असतील तर मन लागेल कशाला? ते अजून लॉजवरच उतरलंय.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं पुण्यात आहे. दर १ नोव्हेंबरला, काळा दिन म्हणून, मोबाईलवर काळा फोटो लावतो. मी कानडी शिकलो तर म्हणाला, "दादा, तू कानडी झालास." रताळी काढायला बाई मिळत नाही म्हणून फोन केला की मात्र साहेबांची मीटिंग असते. सीमाप्रश्न पुण्यातून लढवायला सोपा आहे हो. तिथे उतारा मराठीत मिळतो.

आता गैरसमज नको. काळ्या दिनाला दंडाला फीत बांधून मीही जातो. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा हक्क मी सोडलेला नाही, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल आपल्या बाजूने लागला तर गल्लीभर कुंदा वाटेन. आणि आबा चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तोवर नांगर याच मातीत घालायचा आहे. गावाची आठवण काढू नका असंही म्हणत नाही, काढा, पण सुट्टी टाकून जाऊन या.

फ्लॅटचं मला विचारू नका. माझं सगळं घर कर्जाशिवायचं आणि गळकं आहे.

२२ गुंठ्यांच्या उताऱ्यावर आता माझ्याबरोबर भावाचंही नाव आहे. मोबाईलवर फोटो पाठवला तेव्हा त्याचा लगेच फोन आला. "दादा, यात माझं नाव कुठलं, वाचून दाखव की."