शंका-समाधान : विमानाचा पत्रा, चीर आणि बिनतारी सेन्सर

प्रश्न (पवई, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी) : चीर वाढताना पत्र्यात उठणारी लहर टिपून चिरेची जागा शोधायची आहे. त्यासाठी ६० सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर चार पिझो चकत्या (कंपनातून वीज देणाऱ्या) चिकटवल्या. प्रत्येकीला वेगळा ईएसपी-३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जोडून लहर पोचल्याच्या वेळा वाय-फायने गोळा करते. चिरेची नक्कल म्हणून पत्र्यावर पेन्सिलीचं शिसं मोडलं, तर हिशोबातून निघणारी जागा पत्र्याच्या बाहेर येते. गणित तीनदा तपासलं.

उत्तर : गणित बरोबर असेल, घड्याळं जुळत नाहीत. २ मिलिमीटर पत्र्यात सर्वांत पुढची लहर मायक्रोसेकंदाला ५ मिलिमीटरहून थोडी जास्त धावते. अख्खा पत्रा ती ११० मायक्रोसेकंदांत ओलांडते. वाय-फायवर जुळवलेल्या घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक सहज राहतो, आणि तेवढ्यात हीच लहर साडेपाच मीटर गेली असती. जागा पत्र्याबाहेर जाणारच.

चारही चकत्या एकाच बोर्डाला आणा. जोडणी शील्ड असलेल्या बारीक केबलने करा, साध्या वायरीवर ट्यूबलाइटचा खरखराटही चीर म्हणून मोजला जातो. प्रत्येक चकतीमागे शंभरपट प्रीॲम्प्लिफायर (क्षीण सिग्नल मोठा करणारा), मग एलएम-३११ कम्पॅरेटर (सिग्नलने ठरावीक पातळी ओलांडली की कळवणारी चिप), आणि त्याचं आउटपुट टायमरच्या कॅप्चर पिनला, जी तो क्षण नोंदवते. पुल-अप (आउटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टलाच द्या, ५ व्होल्टला दिलात तर ईएसपीचा पिन जाईल. प्रीॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन डायोड उलटसुलट जोडा. पत्र्याला टिचकी लागली तरी चकती काही व्होल्ट थुंकते, ते हे डायोड अडवतात. हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं.

आणखी एक खोच आहे. शिसं पत्र्याच्या सपाट पृष्ठावर मोडलं की पत्रा वाकवत जाणारी लहर जोरात उठते, जिचा वेग पहिलीच्या निम्म्याच्या आसपास. जवळची चकती पुढची क्षीण लहर पकडते, लांबची ही मागची, आणि जागा पुन्हा सरकते. शिसं पत्र्याच्या कडेवर मोडून पाहा (०.५ मिमी, २एच, ३ मिमी बाहेर काढून, तिरकं), फरक लगेच दिसेल.

पावसाळ्यात चिकटवत असाल तर ॲसिटोनने पुसून पत्रा हेअर ड्रायरने कोमट करा, मगच सुपरग्लूचा पातळ थर द्या. दमट पत्र्यावरची चकती आज चालते, आठवड्याने निम्माच सिग्नल देते. सारख्या अंतरावर शिसं मोडून चौघींची तुलना करा. ३ डेसिबलहून जास्त मागे पडेल ती उखडून पुन्हा लावा.

प्रश्न (कलिना, विमान देखभालीचा विद्यार्थी) : मग ‘बिनतारी’ नक्की काय राहिलं?

उत्तर : नोडपासून (म्हणजे चकत्या जोडलेल्या बोर्डापासून) पुढचा दुवा, तेवढाच. शंभर-दोनशे किलोहर्ट्झची लहर नीट टिपायला सेकंदाला १० लाख नमुने लागतात, म्हणजे नमुन्याला दोन बाइट धरून एका सेन्सरचे सेकंदाला २० लाख बाइट. एवढं सतत पाठवत बसलात तर बॅटरी काही तासांत संपेल. म्हणून नोड झोपलेला असतो. लहर उंबरठा ओलांडते तेव्हा जागा होतो, लहरीची उंची, चढण्याचा वेळ आणि कालावधी काढतो आणि मोजके बाइट पाठवतो. नोड जागा व्हायला वेळ लागला तर लहरीचा पुढचाच भाग हुकतो, म्हणून उंबरठा पाहणारं सर्किट कायम चालू लागतं.

रेडिओपेक्षा खोट्या आवाजांचा ताप मोठा. रिव्हेट घासते, पाऊस आपटतो, हायड्रॉलिक पंप गुणगुणतो. शिवाय ही पद्धत फक्त वाढणारी चीर ऐकते. हँगरमध्ये भार नसलेल्या पंखातली चीर गप्प असते. तिथे एका चकतीतून लहर सोडून दुसरीत ऐकावी लागते, किंवा आपलं एडी करंट (धातूत भोवरी प्रवाह उठवून चीर शोधणं).

आणि प्रयोगशाळेसारखा पॉलिश पेपर विमानाच्या पत्र्यावर मारू नका. वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर निघाला की गंज लागतो, आणि गंजाच्या खड्ड्यातूनच चीर निघते.

प्रश्न (विलेपार्ले) : अशा सेन्सरांसाठी विमानात वेगळी रेडिओ पट्टी आहे का?

उत्तर : आहे. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ ही पट्टी विमानातल्या अंतर्गत बिनतारी संपर्कासाठी खुली झाली. तीच रेडिओ अल्टिमीटरचीही (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राची) पट्टी, त्याला अडथळा नको म्हणून नोडची शक्ती फार कमी ठेवावी लागते.